केमोच्या काळातला थकवा आणि तपासण्या : नव्याने उपचार सुरू करणाऱ्यांसाठी

केमो सुरू होणार म्हटलं की आधी केस आणि उलट्या आठवतात. उलट्यांवर आता चांगली औषधं आहेत आणि केस परत येतात. माणूस खरा मेटाकुटीला येतो तो थकव्याने. त्याची कल्पना आधी कुणी फारशी देत नाही, आणि तो आला की रुग्णही बोलत नाही. "केमो चालू आहे, थकवा येणारच, त्यात काय सांगायचं" म्हणून सोसत राहतो. दुसरीकडे तपासण्यांचे कागद हातात पडत असतात. या खिडकीवर पैसे भरा, त्या मजल्यावर रक्त द्या, उपाशी या, परवा रिपोर्ट घ्या. त्याही निमूटपणे उरकल्या जातात.

माझ्यावर स्तनाच्या कॅन्सरचे उपचार झाले आहेत. तेव्हापासून नवे रुग्ण आणि त्यांच्या घरचे बोलायला येतात. त्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते : थकवा आणि तपासण्या एकाच वहीत लिहा. एवढं गळून का गेलो याचं उत्तर पुष्कळदा रक्ताच्या रिपोर्टात असतं. आणि तपासणीचा एक दिवस अंगातली दोन-तीन दिवसांची ताकद खाऊन टाकतो. म्हणून दोन्हींची आखणी एकत्रच करावी लागते. खाली जे आकडे येतील ते डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता यावा म्हणून आहेत. औषध आणि डोस ठरवायचं काम त्यांचंच.

पायरी १ : हा थकवा वेगळा आहे हे घरात सगळ्यांना सांगा

दिवसभर शेतात राबून किंवा लोकलमध्ये उभं राहून येणारा थकवा रात्रीच्या झोपेने जातो. उपचारांचा थकवा झोपून उठल्यावरही तसाच असतो. आंघोळ करून आलं की बसावं लागतं. भाजी निवडताना हात जड होतात. वर्तमानपत्रातला एक परिच्छेद दोनदा वाचला तरी डोक्यात शिरत नाही. हा आळस नाही आणि मनाचा कमकुवतपणाही नाही. औषधं, शरीरातली सूज, कमी झालेल्या रक्तपेशी, मोडलेली झोप, कमी झालेलं जेवण, मनावरचा ताण असं बरंच काही त्यात मिसळलेलं असतं.

घरच्यांना हे पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगा, विशेषतः रुग्ण घरातली बाई असेल तर. आपल्याकडे बाई अंथरुणातून उठून चार पावलं चालली की "आता बरं वाटतंय ना" म्हणून स्वयंपाकघर पुन्हा तिच्या गळ्यात पडतं, आणि तीही नको म्हणत नाही. उपचार चालू असेपर्यंत स्वयंपाक, धुणं आणि पाहुण्यांचं चहापाणी कुणी करायचं ते नावानिशी ठरवा. "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्या नातेवाइकांना सरळ काम द्या. दर मंगळवारी डबा, मुलीला क्लासहून आणणं, रिपोर्ट घेऊन येणं. नेमकं काम मिळालं की माणसं आनंदाने करतात.

पायरी २ : वही करा आणि रोजची आणेवारी लिहा

"खूप थकवा आहे" या वाक्यातून डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. ओपीडीत मिळतात पाच-सात मिनिटं, तेवढ्यात नेमकं बोलता आलं पाहिजे. पिकाची आणेवारी काढतात तशी अंगातल्या ताकदीची काढा. पूर्ण बरं असताना सोळा आणे, तर आज किती? सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, नुसता आकडा. सोबत चार गोष्टी : झोप किती तास, पोटात काय गेलं, ताप किती, आणि आज न जमलेलं एखादं काम. "जिना चढताना मध्ये थांबावं लागलं" एवढं पुरतं.

वहीच्या मागच्या बाजूने तपासण्या लिहा : तारीख, तपासणीचं नाव, महत्त्वाचे आकडे, पुढची तारीख. दोन सायकल, म्हणजे केमोच्या दोन फेऱ्या, झाल्या की चित्र दिसायला लागतं. डॉक्टरांना मग असं सांगता येतं : "मागच्या वेळी सहाव्या दिवशी आठ आण्यांवर आले होते आणि पंधराव्या दिवशी बारा. या वेळी पंधरावा दिवस उलटला तरी पाचच आहेत." असं वाक्य ऐकलं की डॉक्टर मान वर करून बघतात.

पायरी ३ : सायकलचा अंदाज घ्या

पुष्कळशा केमो २१ दिवसांच्या सायकलने देतात. काही दर आठवड्याला, काही १४ दिवसांनी. २१ दिवसांचं साधारण असं असतं.

केमोच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी अनेकांना चक्क तरतरी वाटते. उलट्या होऊ नयेत म्हणून दिलेल्या डेक्सामिथासोन या स्टिरॉइडचा तो परिणाम असतो. झोप उडते, भूक लागते, कपाट आवरायची हुक्की येते. त्या तरतरीवर जाऊ नका. गोळी थांबली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस एकदम खाली बसतो. हे दोन-तीन दिवस पहिल्यापासून रिकामे ठेवा. स्टिरॉइडची गोळी संध्याकाळी उशिरा घ्यायला लिहून दिली असेल तर सकाळी-दुपारी घेतली तर चालेल का, हे विचारून घ्या. रात्रीची झोप वाचते.

साधारण ७ ते १४ दिवसांच्या मधे रक्तातल्या पेशी सगळ्यात खाली जातात. "काउंट्स खाली गेले" म्हणतात ते हेच. आधीचा अशक्तपणा उतरत आलेला असतो म्हणून माणूस बाहेर पडायला बघतो, आणि संसर्गाचा धोका नेमका तेव्हाच सर्वांत जास्त असतो. गौरी-गणपती किंवा घरातलं लग्न या दिवसांत आलं तर दर्शन घरूनच घ्या. सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्याला दारातूनच परत पाठवण्याची जबाबदारी घरातल्या एखाद्या खमक्या माणसाने घ्यावी.

तिसरा आठवडा बरा जातो. लांबचा प्रवास, बँकेचं काम, मुलांच्या शाळेतली मीटिंग, तातडीची नसलेली तपासणी, सगळं या आठवड्यात टाका. केमो पुढे सरकते तसा हा बरा आठवडा थोडा आखडत जातो हेही ध्यानात ठेवा.

रेडिएशनचं, म्हणजे लोक ज्याला शेक किंवा लाईट म्हणतात त्याचं, गणित निराळं आहे. तिथे रोज थोडा थोडा थकवा साठत जातो. पहिला आठवडा काहीच वाटत नाही, शेवटी शेवटी पाय ओढत जावं लागतं. शेक संपल्यावर पहिले एक-दोन आठवडे तो वाढतोसुद्धा आणि नंतर हळूहळू उतरतो. मशीनखाली पाच-दहा मिनिटं, पण जाण्या-येण्यात आणि थांबण्यात अर्धा दिवस जातो, तोही आठवड्यातून पाच दिवस. त्यामुळे शक्य असेल तर वेळ कायम एकच मागून घ्या.

पायरी ४ : रक्ताच्या रिपोर्टातले चार आकडे ओळखा

प्रत्येक केमोच्या आधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, होतो, सोबत बहुधा लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या. रिपोर्टात पन्नास ओळी असतात. सुरुवातीला चारच बघा.

हिमोग्लोबिन. साधारणपणे बायकांमध्ये १२ ते १५, पुरुषांमध्ये १३ ते १७. केमोत ते ९-१० वर येणं नेहमीचं आहे, आणि थकव्याचा मोठा वाटा त्याचा असतो. ७-८ च्या खाली गेलं, किंवा धाप लागणं, छातीत धडधडणं सुरू झालं, तर रक्त चढवायचा विचार होतो. इथे घरोघरी एक हमखास प्रकार होतो : बीट, डाळिंब, गव्हांकुराचा रस सुरू होतो. डाळिंब घरी सोलून खा, छान आहे. पण केमोत हिमोग्लोबिन घटतं ते हाडांतल्या मज्जेचं काम मंदावल्यामुळे, ते रसाने भरून येत नाही. कच्चे रस तर काउंट्स खाली असताना पोट बिघडवतात. लोहाच्या गोळ्याही स्वतःहून सुरू करू नका. लोह कमी आहे की नाही हे तपासता येतं.

पांढऱ्या पेशी, आणि त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल. एकूण पांढऱ्या पेशी ४,००० ते ११,००० असाव्यात. पण डॉक्टर बघतात तो आकडा न्यूट्रोफिलचा, आणि तो घरी काढता येतो. एकूण पेशी २,४०० आणि न्यूट्रोफिल ४० टक्के असतील तर २,४०० चे ४० टक्के म्हणजे ९६०. केमो द्यायला हा आकडा साधारण १,००० ते १,५०० च्या वर लागतो, औषधानुसार फरक पडतो. ५०० च्या खाली गेला तर फार जपायचं. पेशी वाढवण्याचं इंजेक्शन दिलं असेल तर पुढचे दोन-तीन दिवस कंबर आणि मांड्यांतली हाडं ठणकतात. इंजेक्शन काम करतंय म्हणूनच ते ठणकणं असतं, पण कोणती वेदनाशामक गोळी चालेल हे आधीच विचारून ठेवा.

प्लेटलेट. दीड लाख ते साडेचार लाख. केमोच्या दिवशी बहुधा एक लाखाच्या आसपास तरी लागतात. फार उतरल्या तर हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर लाल बारीक ठिपके उठतात. पपईच्या पानांचा रस देण्याचा आग्रह या वेळी हटकून होतो. काढा असो, रस असो, चूर्ण असो, डॉक्टरांना न सांगता काही घेऊ नका. यातल्या काही गोष्टींनी लिव्हरवर ताण येतो, काहींनी केमोच्या औषधाचा परिणाम बदलतो, आणि पुढच्या रिपोर्टात लिव्हरचे आकडे वाढलेले दिसले की दोष नेमका कशाचा हेच कळेनासं होतं.

क्रिएटिनिन. किडनीचा आकडा. सिस्प्लॅटिनसारख्या केमोच्या औषधात आणि काँट्रास्टच्या, म्हणजे चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून औषध देऊन केलेल्या, सीटी स्कॅनआधी तो महत्त्वाचा. पाणी कमी पिणाऱ्यांचा तो वाढतो, आणि कमी पाण्याने थकवाही वाढतो.

सीबीसीला आणि किडनीच्या तपासणीला उपाशीपोटी जायची गरज नसते. तरी कितीतरी रुग्ण सकाळी सहापासून पाण्याचा थेंब न घेता रांगेत उभे असतात आणि रक्त देताना चक्कर येऊन पडतात. फास्टिंग शुगर किंवा तसंच काही सोबत लिहिलं असेल तरच उपाशी राहा. शंका असेल तर आदल्या दिवशी फोन करून विचारा.

हिमोग्लोबिन ठीक असूनही आणेवारी वर येत नसेल तर डॉक्टरांना विचारा : थायरॉइड बघायचं का? सोडियम, मॅग्नेशियम? साखर? झोप नाही, दुखतंय, मन उदास आहे, हेही सांगा. यातल्या प्रत्येकावर इलाज आहे आणि तो झाला की थकवा उतरतो.

पायरी ५ : ताप आला तर सकाळची वाट पाहू नका

घरात डिजिटल थर्मामीटर हवंच. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर लगेच हॉस्पिटलला फोन करून निघा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. पेशी कमी असताना संसर्ग काही तासांत अंगभर पसरू शकतो. हॉस्पिटलात पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं असा दंडक आहे. आधी क्रोसिन घेऊन ताप दाबू नका, त्याने खूण झाकली जाते. उपचारांचं हॉस्पिटल दूर असेल तर जवळच्या, सलाईन-इंजेक्शनची आणि रक्त तपासणीची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि पहिलं वाक्य हे बोला : "केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला." केमोच्या औषधांची नावं आणि तारखा एका कार्डावर लिहून पाकिटात ठेवा, आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये.

अचानक धाप लागणं, छातीत दुखणं, एकाच पायाला सूज, बोलण्यात गोंधळ, दिवसभर अंथरुणातून उठताच न येणं, हेही थकवा म्हणून घरी सोसायचं नाही. त्याच दिवशी दाखवा.

पायरी ६ : ताकद कुठे घालायची ते ठरवा

वडीलधारी माणसं मायेने सांगतात, "पडून राहा, हलू नकोस." केमोनंतरचे दोन-तीन दिवस ते बरोबर आहे. पण पंधरा दिवस पडून राहिलं की स्नायू वितळतात आणि थकवा वाढतो. कॅन्सरच्या थकव्यावर ज्याचा उपयोग सगळ्यात पक्का दिसून आला आहे तो उपाय म्हणजे चालणं. सुरुवात पाच मिनिटांनी करा, घरातल्या घरात, गच्चीवर, अंगणात. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्या वेगाने. हळूहळू आठवड्यातून तीनदा अर्धा तास इथपर्यंत जमलं तरी फरक कळतो. ज्या दिवशी जमत नाही त्या दिवशी खाटेवर बसून पाय वर-खाली करा. ताप असेल, प्लेटलेट फार कमी असतील, कॅन्सर हाडात गेला असेल किंवा चालताना धाप लागत असेल तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्यायाम नको.

दुपारची झोप अर्ध्या तासाची, तीनच्या आत. त्याहून जास्त झाली की रात्र जागून निघते. दिवसात कोणत्या तासाला आपल्याला बरं वाटतं ते वहीत दिसेल. तो तास आपल्याला ज्याची आवड आहे त्याला द्या. माझा सकाळचा होता आणि तो मी कुंड्यांना द्यायची. कपडे वाळत घालायला दुसरं माणूस होतं. हा हट्ट धरा. नावडत्या कामातच सगळे आणे संपले की मन खचतं आणि मग औषधही जड वाटायला लागतं.

खाण्याचं थोडक्यात : तीन वेळा ताटभर जेवण्यापेक्षा सहा वेळा वाटीभर. प्रत्येक वेळी प्रथिनाचं काहीतरी. नीट उकडलेलं अंडं, मुगाचं घट्ट वरण, पनीर, मासे, चिकनचं सूप आणि त्यातले तुकडेसुद्धा, नाचणीची खीर, सातूचं पीठ. तोंड आलं असेल तर मऊ भात आणि गार करून पातळ वरण. काउंट्स खाली असताना कच्चे मोड, कोशिंबीर, गाडीवरचा उसाचा रस, बाहेरची कापलेली फळं बंद. घरी धुऊन सोललेलं केळं, मोसंबी चालतं.

पायरी ७ : तपासणीच्या दिवसाची तयारी

मोठ्या हॉस्पिटलात तपासणी दहा मिनिटांची आणि थांबणं चार तासांचं असतं. परळचं टाटा मेमोरियल १९४१ मध्ये सुरू झालं आणि आज बिहार, बंगाल, आसामपासून माणसं तिथे येतात, तेव्हा रांगेला इलाज नाही. रुग्णाची ताकद त्या रांगेत जाऊ नये एवढंच बघायचं. रांगेत उभं राहायला दुसरं माणूस न्या आणि रुग्णाला बसवून ठेवा. चालता येत असलं तरी लांबच्या इमारतीत जायला व्हीलचेअर मागा, त्यात कमीपणा नाही. पिशवीत पाण्याची बाटली, घरचा डबा, शाल, मास्क, जादा औषधं, मोबाईलचा चार्जर. आदल्या आणि दुसऱ्या दिवशी दुसरं कोणतंही काम ठेवू नका.

फाईल तारखेप्रमाणे लावा, सगळ्यात नवा कागद वर. बायोप्सी दुसरीकडे झाली असेल तर तिथून स्लाईड आणि ब्लॉक (काढलेल्या तुकड्याच्या काचा आणि मेणातले ठोकळे) मागून घ्या आणि जिवापाड जपा. नव्या हॉस्पिटलात त्या पुन्हा तपासतात, आणि हरवल्या तर परत सुई.

रक्त देताना : थोडं पाणी पिऊन जा, हात शाल गुंडाळून गरम ठेवा, शीर सापडायला मदत होते. ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत त्या हातातून रक्त काढू देऊ नका आणि बीपीही मोजू देऊ नका. दर वेळी आपणच सांगायचं, नव्या माणसाला ठाऊक नसतं. केमोने शिरा कडक झाल्या असतील आणि अजून बऱ्याच सायकल बाकी असतील तर केमोपोर्ट (छातीत कातडीखाली बसवतात ती डबी) किंवा पिक लाइन (दंडातून मोठ्या शिरेत घातलेली नळी) याबद्दल विचारा. दर वेळी पाच ठिकाणी टोचून घेण्यात शौर्य नाही.

काँट्रास्टचा सीटी स्कॅन : आधी तीन-चार तास उपाशी, क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट सोबत. औषध शिरेत जाताना अंगभर गरम लाट येते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. काही सेकंदांत जातं, घाबरू नका. पूर्वी कधी अशा इंजेक्शनने पुरळ, खाज, धाप झाली असेल तर आधीच सांगा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर थांबवायची का, तेही विचारा. नंतर भरपूर पाणी प्या.

पेट स्कॅन : सहा तास उपाशी, साधं पाणी चालतं. आदल्या दिवशी जास्त चालणं, वजन उचलणं नको, कारण दमलेले स्नायू स्कॅनसाठी शिरेत दिलेलं औषध ओढून घेतात आणि चित्र गढूळ होतं. हे इंजेक्शन किंचित किरणोत्सर्गी अशा साखरेसारख्याच पदार्थाचं असतं, म्हणून रक्तातली साखर साधारण २०० च्या आत लागते. मधुमेही रुग्णांनी गोळी-इन्सुलिनचं वेळापत्रक दोन दिवस आधी विचारून घ्यावं. इंजेक्शननंतर तासभर न बोलता शांत पडून राहायचं असतं. खोली गार असते, त्यामुळे अंगभर उबदार कपडे घाला. थकलेल्या माणसाला तो तास खरं तर बरा जातो. किरणोत्सर्गाचं प्रमाण दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. तरी घरी आल्यावर त्या दिवशी गरोदर बाई आणि तान्ह्या बाळापासून थोडं दूर राहा.

एमआरआय : अर्धा-पाऊण तास अरुंद बोगद्यात, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात. बंद जागेची भीती असेल तर ती तपासणी ठरवतानाच सांगा, सौम्य गोळी देता येते. मंगळसूत्र, जोडवी, केसांच्या पिना, सगळं घरी ठेवा. शरीरात पेसमेकर, क्लिप काही असेल तर दोनदा सांगा.

टूडी एको : लाल रंगाची केमो, म्हणजे अॅड्रियामायसिनसारखी औषधं, किंवा ट्रॅस्टुझुमॅब (स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये देतात ते इंजेक्शन) चालू असेल तर हृदयाचं काम तपासत राहतात. ट्रॅस्टुझुमॅबला साधारण दर तीन महिन्यांनी. पायाला सूज, उताणं झोपल्यावर धाप, असं थकव्यासोबत असेल तर पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही.

पोटाच्या सोनोग्राफीला उपाशी आणि बहुधा लघवी भरलेली लागते, मॅमोग्राफीला पावडर-डिओ लावून जायचं नसतं. बाकीच्या तपासण्यांच्या सूचना कागदावर लिहून मागा. तोंडी सांगितलेलं केमोच्या काळात लक्षात राहत नाही.

बाहेरगावहून येणाऱ्यांसाठी एक प्रश्न फार मोलाचा आहे : मधल्या रक्ताच्या तपासण्या गावाजवळ केल्या तर चालतील का? पुष्कळदा चालतात. दर सीबीसीसाठी लातूरहून मुंबई गाठण्यात अंगातलं उरलंसुरलं सगळं जातं. बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल, मिरजेचं सिद्धिविनायक, संभाजीनगरचं सरकारी कॅन्सर हॉस्पिटल, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी हॉस्पिटल, गोव्यात बांबोळीचं मेडिकल कॉलेज, इथेही कॅन्सरचे उपचार होतात. एकदा परळला दाखवून पुढचे डोस घराजवळ घेता येतील का, हेही विचारून बघा. ठरेल ते मात्र केस पेपरवर लिहून घ्या.

पायरी ८ : रिपोर्टची वाट बघण्याचे दिवस

स्कॅन झाला की रिपोर्ट हाती येईपर्यंत झोप उडते, पोटात गोळा येतो, आणेवारी खाली येते. जवळजवळ सगळ्यांचं होतं. रिपोर्ट कधी मिळेल आणि डॉक्टरांशी बोलणं कधी होईल या दोन्ही तारखा तपासणीच्या दिवशीच विचारा, म्हणजे रोज मोबाईल उघडून बघणं थांबतं. जमल्यास रिपोर्ट आणि ओपीडी एकाच दिवशी ठेवा. स्कॅनचा रिपोर्ट आपण आधी वाचला तर त्यातला प्रत्येक शब्द आपल्याला भीती घालतो. पूर्वीची जखम, जुना टीबीचा डाग, साधी गाठ, सगळं त्यात लिहिलेलं असतं. ट्यूमर मार्करचंही, म्हणजे कॅन्सरचा माग काढायला रक्तात मोजतात त्या पदार्थांचंही, तसंच. सीए १२५ किंवा सीईएचा एकटा आकडा थोडा वर गेला म्हणजे आजार परतला असं होत नाही. सीईए तर विडी-सिगारेटनेही वाढतो. डॉक्टर चढ-उतार आणि स्कॅन एकत्र बघतात.

ओपीडीत शिरताना सोबतच्या माणसाने लिहून घ्यायचं आणि रुग्णाने बोलायचं. तीन प्रश्न आधी लिहून न्या. माझ्याकडे येणाऱ्यांना मी सुचवते ते असे : रिपोर्टप्रमाणे उपचार काम करतायत का? माझ्या थकव्याचं आटोक्यात आणता येईल असं एखादं कारण यात दिसतंय का? पुढच्या डोसात काही बदल करायचा आहे का? दुसरा प्रश्न आपण विचारला नाही तर बहुधा राहूनच जातो.

पायरी ९ : पैसा, प्रवास, मुक्काम

हे शेवटी लिहिलं असलं तरी पहिल्या आठवड्यात उरका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनारोख होतात, त्यात केमो आणि रेडिएशन येतं. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा, कोणत्या तपासण्या योजनेत बसतात आणि कोणत्या नाहीत ते आधी विचारा. मेडिकल सोशल वर्करची खोलीही शोधून ठेवा. तिथे मदत मागायला लाजू नका, ते कामच त्यासाठी आहे.

उपचाराला किंवा तपासणीला रेल्वेने जाताना कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण माफी असते, सोबतच्या एका माणसाला या वर्गांत ७५ टक्के. ठरलेल्या नमुन्यातला, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो. दुसऱ्या दिवशी स्कॅन असेल तर रात्रभर बसून जाण्यापेक्षा एक दिवस आधी निघा. परळ-दादर भागात दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन इथे रुग्णांची सोय होते. जागा भरलेल्या असतात, म्हणून हॉस्पिटलचं पत्र घेऊन लवकर चौकशी करा.

उपचार संपल्यावर

शेवटचा डोस झाला की पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना तुम्ही पूर्वीसारखे हवे असता. थकवा मात्र आणखी काही महिने राहतो, काहींना वर्षभरही. नोकरी असेल तर सुरुवातीला अर्धा दिवस किंवा एक दिवसाआड मागा. डॉक्टर तसं पत्र देतात. मानेवर शेक झालेल्यांनी थायरॉइडची टीएसएच तपासणी सहा ते बारा महिन्यांनी करत राहायची, कारण ते बरंच नंतर मंदावतं आणि तोवर थकव्याचा संबंध उपचारांशी कुणी जोडत नाही. पोर्ट काढलेला नसेल तर हॉस्पिटल सांगेल त्या अंतराने फ्लश करून, म्हणजे आतून धुऊन, घ्या. आणेवारी आठवड्यातून एकदा लिहिली तरी चालेल. बारा-तेरा आण्यांवर स्थिरावलेली माणसं एकाएकी सहा-सातवर आली आणि दोन आठवड्यांत वर गेली नाहीत, तर फॉलोअपची तारीख दोन महिन्यांवर असली तरी ती अलीकडे आणायला ओपीडीत फोन करा.